समुद्रात हरपलेले

आमच्या शाळेत नोव्हेंबर महिन्यातील दुसऱ्या रविवारानंतर येणाऱ्या सोमवारी, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, युद्धात कामास आलेल्या माणसांची आठवण करण्याचा प्रघात आहे. ह्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी बहुधा एकच गोष्ट सांगत असे, व ती सांगताना माझा स्वर कोठे चढवावा आणि कोठे थांबावे हेही मला पाठ झाले होते. ती गोष्ट मेंडी नावाच्या जहाजाची व त्यावरील एका वृद्ध उपदेशकाची. दोन वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि माझी ती घोटून तयार केलेली गोष्ट एकाएकी माझ्याच हातात विस्कटली. हे सारे कसे घडले ते येथे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी ती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पालकांपैकी पुष्कळांना ती ठाऊक नसेल.

सन १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यात मेंडी हे जहाज दक्षिण आफ्रिकेतील आठशेहून अधिक कृष्णवर्णीय तरुणांना घेऊन फ्रान्सकडे चालले होते. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. हे तरुण मजूर पलटणीतील होते. त्यांच्या अंगावर लष्करी पोशाख होता, त्यांना शिस्त लष्करी होती, परंतु त्यांच्या हातात बंदूक मात्र दिली जाणार नव्हती. काळ्या माणसाने गोऱ्याविरुद्ध, मग तो शत्रू का असेना, शस्त्र उचलावे हे त्यांच्या सरकारास मान्य नव्हते. बंदरात गोण्या वाहणे, लाकडे तोडणे, रस्ते व लोहमार्ग बांधणे हेच त्यांचे युद्ध. ज्यांनी पूर्वी कधी समुद्रही पाहिला नव्हता असे खेड्यापाड्यांतील कितीतरी जण त्यांत होते. केप टाउनहून निघून, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने लागोसवरून वर जात, जहाज इंग्लंडमधील प्लिमथ बंदरी पोहोचले. तेथून फ्रान्समधील ल हाव्र हा शेवटचा टप्पा राहिला होता. म्हणजे हजारो मैलांचा प्रवास निर्विघ्न झाला होता आणि आता एका रात्रीची वाट उरली होती.

ता. २१ फेब्रुवारीच्या पहाटे पाचच्या सुमारास, आइल ऑफ वाइट ह्या बेटाच्या दक्षिणेस, दाट धुक्यात, डॅरो नावाचे मेंडीच्या दुपटीहून मोठे असे एक जहाज पूर्ण वेगाने आले. धुक्यात वाजवावयाचा भोंगा त्याने वाजविला नव्हता. त्याचे नाक मेंडीच्या कुशीत घुसले. तळच्या भागात निजलेली कित्येक माणसे जागच्या जागी चिरडली किंवा कोंडली गेली. जहाज कलल्यामुळे काही होड्या पाण्यात सोडता आल्या नाहीत. पंचवीस मिनिटांच्या आत मेंडी बुडाली. सोबतीस असलेल्या ब्रिस्क नावाच्या लढाऊ जहाजाने होड्या सोडून धुक्यात व काळोखात जेवढ्यांना वर काढता येईल तेवढ्यांना काढले. डॅरो मात्र जवळच उभे राहिले. पाण्यातील माणसांच्या हाका ऐकू येत असताही त्याच्या कप्तानाने साह्य केले नाही. पुढे चौकशी झाली व त्याचा परवाना एक वर्षापुरता काढून घेण्यात आला. शिक्षा एवढीच. एकंदर सुमारे साडेसहाशे माणसे मेली, त्यांत ६०७ कृष्णवर्णीय शिपाई होते. फेब्रुवारीतील त्या समुद्रात पोहता येणाऱ्यासही फार वेळ तग धरणे शक्य नव्हते. तराफ्यांपर्यंत पोहोचलेले कित्येक जण थंडीनेच गेले.

आता त्या उपदेशकाविषयी. त्यांचे नाव रेव्हरंड आयझॅक वॉकोप. द्योभा ह्या आपल्या खोसा नावानेही ते ओळखले जातात. त्यांचा जन्म १८५२ सालचा, म्हणजे जहाजावर चढले तेव्हा त्यांचे वय चौसष्टाच्या आसपास होते. लव्हडेल येथील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. जुन्या मिशन शाळेचे वातावरण ज्याने अनुभवले आहे त्याला लव्हडेलची कल्पना सहज येईल: सकाळची उपासना, सुतारकाम व छापखाना, इंग्रजीचे व्याकरण, आणि मातृभाषेतील वर्तमानपत्र. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरास 'ज्ञानोदय' सुरू केला. तसेच लव्हडेलचे खोसा भाषेतील पत्र होते, व तरुण वॉकोप त्यात लिहीत असत. बंदुकीने गेलेले परत मिळणार नाही, लेखणी हाती घ्या, अशा अर्थाची त्यांची एक कविता १८८२ साली प्रसिद्ध झाली. ती दक्षिण आफ्रिकेत अजून वाचली जाते.

त्यांच्या आयुष्यातील आणखी एका प्रसंगाचा आपल्या प्रांताशी दूरचा पण खरा संबंध आहे. डॉ. लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा त्यांच्यासोबत जेकब वेनराइट नावाचा एक तरुण होता. गुलामांच्या व्यापारातून सुटलेल्या ज्या मुलांना नाशिकजवळील शरणपूर येथे ठेवून शिकविण्यात आले त्यांपैकी तो एक. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर लेख त्याने कोरला, आणि पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटिकेस हात देणाऱ्यांतही तो होता. नाशिकच्या मातीत अक्षरे गिरविलेला हात होता तो! त्याच लिव्हिंगस्टनच्या स्मरणार्थ न्यासालँडमध्ये जी मिशन स्थापन झाली तिच्यासाठी १८७६ साली लव्हडेलहून चार आफ्रिकन तरुण स्वेच्छेने गेले. त्या चौघांत वॉकोप होते. तापाने त्यांची प्रकृती ढासळली व त्यांना परत फिरावे लागले. नंतर ते दुभाष्याचे काम करीत, मग दीक्षा घेऊन फोर्ट बोफर्ट येथे पाळक झाले. आपल्या लोकांच्या मुलांस उच्च शिक्षण मिळावे म्हणून ते खटपट करीत राहिले.

हे वृद्ध गृहस्थ मेंडीवर पलटणीसोबत होते. आणि माझी गोष्ट नेहमी येथे येऊन स्वर चढवी. जहाज बुडू लागले, तरुण भयभीत झाले, तेव्हा रेव्हरंड वॉकोप तक्तपोशीवर उभे राहिले, दोन्ही हात वर करून त्यांनी सर्वांना शांत केले, आपण सारे एका आफ्रिकेचे पुत्र आहोत, वीरांसारखे मरू या, असे सांगितले. आणि मग खोसा, झुलू, सोथो, पोंडो असे सारे जण अनवाणी पायांनी त्या कललेल्या फळ्यांवर आपले मृत्युनृत्य नाचत समुद्रात गेले. एवढे सांगून मी थांबत असे. पाचवीच्या मुलांपासून शिपायापर्यंत कोणी हालत नसे. मग आम्ही दोन मिनिटे स्तब्ध उभे राहत असू.

त्या दिवशी मधल्या सुटीत ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. "सर, विचारू का?" म्हणाली. मी म्हटले, "विचार की." तेव्हा ती म्हणाली, "ते भाषण ज्यांनी ऐकलं ते सगळे बुडाले ना? मग ते लिहिलं कोणी?"

मी सांगितले की दोनशेच्या वर माणसे वाचली, त्यांपैकी कोणी सांगितले असेल. ती "हो सर" म्हणून गेली. परंतु 'असेल' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तो मला दिवसभर टोचत राहिला. इतिहास शिकविणाऱ्याने असे बोलावे काय?

त्या हिवाळ्यात मी मिळेल ते वाचले. जे सापडले ते थोडक्यात असे. चौकशीच्या वेळी वाचलेल्यांनी ज्या जबान्या दिल्या त्यांत ह्या भाषणाचा पत्ता नाही. त्या मृत्युनृत्याचाही नाही. ही हकीकत त्या लोकांत तोंडोतोंडी चालत आली आणि कागदावर पुष्कळ वर्षांनी उतरली. ती खोटी आहे असे म्हणता येत नाही, कारण अंधारात, धुक्यात, पंचवीस मिनिटांत एका टोकास काय घडले ते दुसऱ्या टोकास असलेल्याला कसे कळावे? पण ती घडलीच असेही शपथेवर सांगता येत नाही. मी मात्र ती दरवर्षी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत आलो होतो, हातवाऱ्यांसह.

आणखी एक गोष्ट सापडली, व ती मी ह्याआधीही ओझरती वाचली होती हे कबूल केले पाहिजे. रेव्हरंड वॉकोप हे १९१० साली एका मृत्युपत्राच्या बनावटीच्या आरोपावरून दोषी ठरले आणि सुमारे दोन वर्षे तुरुंगात होते. सारे आयुष्य ज्याने मिशनसेवेत व लोकसेवेत घालविले त्याच्यावर उतारवयात हा प्रसंग आला. सुटून आल्यानंतर चार-पाच वर्षांतच त्यांनी ह्या पलटणीत नाव दिले. चौसष्टाव्या वर्षी, जेव्हा आपण पेन्शनीचा हिशेब करीत अंगणात बसतो, तेव्हा हा माणूस परमुलखातील लढाईवर का गेला? त्यांच्या मनाची गोष्ट प्रभू जाणे. पण मला वाटते की ज्याचे नाव एकदा मलिन झाले त्याला घरी बसवत नाही. ही गोष्ट मी मुलांपासून का लपविली? भय वाटले, दुसरे काय. उपदेशक तुरुंगात गेला हे प्रार्थनेच्या वेळी कसे सांगावे! आमच्या क्रमिक पुस्तकांतून मोठ्या माणसांची जी चरित्रे छापलेली असतात त्यांतील माणसांना बहुधा बालपणी आईची आज्ञा मोडण्यापलीकडे दोष नसतो. मीही तसलीच चरित्रे शिकवून शिकवून तसाच झालो होतो.

पुढच्या नोव्हेंबरला काय बोलावे हे मला सुचेना. गोष्ट सोडून द्यावी असेही वाटले. अशा स्थितीत मला माझ्या आजीचे स्मरण झाले, आणि तिने अगदी शेवटच्या दिवसांत मला सांगितलेली एक हकीकत, जिचा मेंडीशी काही संबंध आहे असे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आजीचा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या वडिलांचे मामा, दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते. नगर जिल्ह्यातील एका गावी आजीचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. घर मातीचे, शाळेला लागूनच. मुलगा सातवी पास होऊन घरी बसलेला, पाऊस नाही, पगार तुटपुंजा. भरती करणारे तालुक्याला आले तेव्हा तो न सांगता गेला आणि दोन दिवसांनी केस कापून परत आला. एवढे आजीला पक्के आठवत असे, कारण ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती व भावाचे कापलेले डोके पाहून तिला हसू आले होते आणि त्याबद्दल आईची थप्पड बसली होती. मग मुंबईहून त्याची दोन पत्रे आली. त्यांतील काही ओळी काळ्या शाईने पुसलेल्या होत्या. मास्तर त्या दिव्यासमोर धरून वाचण्याचा यत्न करीत. त्यानंतर तार आली. जहाज बुडाले, शिपाई बेपत्ता. जहाजाचे नाव लिहिलेले नव्हते. लढाईच्या काळात ते लिहीत नसत.

'बेपत्ता' ह्या शब्दाने त्या घरात चार वर्षे मुक्काम केला. माझी पणजी म्हणे, "बेपत्ता म्हणजे पत्ता सापडत नाही एवढंच ना? सापडेल." ती रोज संध्याकाळी त्याच्या वाटची भाकरी वेगळी काढून ठेवी व सकाळी ती इतर भावंडांना वाटून देई. आजी म्हणे, शिळ्या भाकरीचा तो वाटा खाताना तिला घास लागत नसे. लढाई संपल्यावर सरकारी कागद आला की शिपाई मृत समजण्यात आला आहे, आणि आईच्या नावे पेन्शन मंजूर करावयाची तर अमुक ठिकाणी अंगठा उठवून पाठवावा. पणजीने अंगठा उठविला नाही. तिचे म्हणणे असे की मी अंगठा उठविला की माझा मुलगा मेला. तोवर तो मेलेला नाही. त्या वर्षी घरात दाणा नव्हता. मास्तरांनी समजाविले, पाळकसाहेबांनी येऊन समजाविले. कागद पेटीत तसाच पडून राहिला.

पुढे एके दिवशी दुपारी एक मनुष्य चालत आला. पलीकडच्या तालुक्यातील, त्याच तुकडीतला, त्या जहाजावरून वाचलेला. त्याला पाणी दिले, बाजेवर बसविले. पणजी त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसली व म्हणाली, "बाबा, खरं सांग." त्याने सांगितले की जहाज बुडाले तेव्हा तुमचा मुलगा वर उभा होता, भीत नव्हता, दुसऱ्यांना धीर देत होता, आणि तेविसावे स्तोत्र म्हणत म्हणत तो पाण्यात गेला. मी माझ्या कानांनी ऐकले. पणजी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, पेटीतून कागद काढला, मास्तरांकडे शाईची दौत मागितली आणि अंगठा उठविला. त्या रात्री भाकरी वेगळी काढली नाही.

ही हकीकत आमच्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे. मी लहानपणी प्रत्येक नाताळात ती ऐकत आलो. नातेवाईक जमले म्हणजे मामा-आजोबांचे ते शेवटचे स्तोत्र निघे, व मग सर्व मिळून ते म्हणत. मी शिक्षक झाल्यावर मेंडीची गोष्ट माझ्या मनात इतकी घट्ट का बसली हे मला आता उलगडते. मी दरवर्षी सांगत होतो ती आमच्या घरातलीच गोष्ट होती. पाणी परके होते, एवढेच.

आजी ऐंशीच्या घरात असताना आजारी होती. रात्री मी तिच्याजवळ बसत असे. एका रात्री ती सहज म्हणाली, "त्यो मानूस खोटं बोलला होता बरं का." मला आधी समजेना ती कोणाविषयी बोलते आहे. मग तिने सांगितले. तो मनुष्य जाण्यास निघाला तेव्हा मास्तर त्याला वेशीपर्यंत पोहोचवावयास गेले आणि ही चौदा वर्षांची मुलगी मागोमाग घागर घेऊन विहिरीकडे निघाली होती. निवडुंगाच्या कुंपणाआड तिने दोघांचे बोलणे ऐकले. मास्तरांनी विचारले, "स्तोत्राचं ते खरं काय?" त्या माणसाने खाली पाहिले व सांगितले की मास्तर, तो खाली तळाशी होता. तापाने आजारी होता. धक्का बसला तेव्हा दार उघडले नाही. आम्ही वरून हाका ऐकल्या. आई, आई अशा हाका. कोणाच्या त्या ओळखू येण्यासारखे नव्हते.

आणि मास्तर? ज्यांनी वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलाचे हात वेताने लाल केले, ज्यांच्या खरेपणाची साक्ष सारा गाव देई, त्यांनी त्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, "तुम्ही जे घरात सांगितलं तेच राहू द्या." मग परत आले आणि पुढची एकवीस वर्षे, आपल्या मरणापर्यंत, त्यांनी बायकोजवळ ह्याविषयी एक शब्द काढला नाही. आजीनेही काढला नाही. तिने आपल्या आईस त्या स्तोत्राच्या आधारावर म्हातारी होताना पाहिले. प्रत्येक नाताळात सर्वांबरोबर तीही ते म्हणत आली. "मग आता का सांगतेस?" असे मी विचारले. आजी म्हणाली, "कुणाला तरी ठावं असावं ना, त्याचं खरं मरान कसं झालं ते. न्हाईतर तो पुन्हा बेपत्ताच की."

हे वाक्य तिने कुशीवर वळता वळता उच्चारले आणि पाणी मागितले.

मेंडीची गोष्ट व ही गोष्ट अशा दोन्ही शेजारी ठेवून मी त्या हिवाळ्यात पुष्कळ विचार केला. भाषणाची व नृत्याची ती हकीकत कोणी रचली असेल? बहुधा कोणी एकाने नव्हे. साडेसहाशे घरांतील आया कोणापुढे तरी जमिनीवर बसल्या असतील आणि "खरं सांग" म्हणाल्या असतील. वाचून आलेला मनुष्य अशा वेळी डॅरोच्या दिव्यांविषयी सांगेल, न सुटलेल्या होड्यांविषयी सांगेल, की धीराच्या शब्दांविषयी? त्यांच्या सरकारने त्या आयांना दुसरे काही देऊ केले नव्हते. ता. ९ मार्च १९१७ रोजी पंतप्रधान बोथा यांनी पार्लमेंटात ही वार्ता सांगितली तेव्हा सभासद उठून उभे राहिले खरे, परंतु लढाई संपल्यावर मजूर पलटणीतील दक्षिण आफ्रिकेच्या काळ्या शिपायांना युद्धाचे पदक नाकारण्यात आले. पदक न मिळालेल्या माणसांना त्यांच्या लोकांनी एक गोष्ट दिली. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. त्या दोहोंतील भेद तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीमुळे मी आता जपतो.

जे पक्के आहे तेही काही थोडे नाही. मेंडीवरील ज्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यास लावली त्यांतील काही इंग्लंडमध्ये, काही पार हॉलंडच्या किनाऱ्यावरील नोर्डविक येथे पुरलेली आहेत. बाकीच्यांची नावे साउदॅम्प्टन येथील हॉलीब्रुक स्मारकावर आहेत, व त्याच स्मारकावर लॉर्ड किचनर यांचेही नाव आहे. हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती म्हणून १९०२ ते १९०९ पर्यंत ज्यांच्या शब्दावर लाखो शिपाई हालत, तेच हे किचनर. १९१६ साली हॅम्पशायर ह्या जहाजासह तेही बुडाले. सेनापती आणि गोण्या उचलणारा मजूर, दोघांचीही कबर समुद्रात, म्हणून दोघेही एका भिंतीवर. जिवंतपणी त्यांना एका बाकावर कोणी बसू दिले नसते. मेंडीची घंटा कित्येक वर्षे नाहीशी झाली होती. २०१७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, कोणा अनामिकाने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका बातमीदाराच्या स्वाधीन केली, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ती दक्षिण आफ्रिकेस परत दिली. दक्षिण आफ्रिकेने शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या आपल्या एका मोठ्या सन्मानास आता मेंडीचेच नाव दिले आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी प्रार्थनेच्या वेळी उभा राहिलो तेव्हा माझे हात थरथरत होते, हे पुढच्या रांगेतील मुलांनी पाहिले असेल. मी मेंडीची गोष्ट पुन्हा सांगितली. वॉकोपांच्या तुरुंगवासासह सांगितली. धुके, डॅरो, न वाजलेला भोंगा, तळाशी कोंडलेली माणसे, हे सांगितले. मग म्हटले की ह्यापुढची हकीकत त्यांच्या लोकांनी जपलेली आहे, कागदांत ती नाही. ती मी तुम्हांला त्यांची म्हणून सांगतो. आणि भाषण व नृत्य सांगितले, पण हातवारे न करता. मामा-आजोबांविषयी मी काहीच बोललो नाही. तेवढे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. ते आज ह्या पानांवर लिहीत आहे. आमच्या नातेवाइकांपैकी काही जण हे वाचतील व त्यांना दुःख होईल, त्यांची मी क्षमा मागतो. येत्या नाताळात आपण ते स्तोत्र म्हणू तेव्हा मी सर्वांहून मोठ्याने म्हणेन, एवढे वचन देतो.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. ती आता दहावीत आहे. प्रार्थना संपल्यावर ती पुन्हा दाराशी आली. मला वाटले, आता आणखी कोणता प्रश्न! परंतु ती म्हणाली की तिच्या पणजोबांचे चुलते रत्नागिरीकडचे, आगबोटीवर खलाशी होते आणि "पहिल्या लढाईत गेले ते आलेच नाहीत" एवढेच तिच्या घरी सांगतात. त्यांचे नाव कोठे असेल काय? मी तिला सांगितले की मुंबईत मस्जिद बंदरानजीक इंडियन सेलर्स होम आहे, आणि पहिल्या महायुद्धात मेलेल्या व समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तेथील स्मारकावर नोंदलेली आहेत. ती म्हणाली, "आपल्याला जाता येईल का, सर?" नाताळच्या सुटीनंतर नववी व दहावीच्या मुलांस तेथे नेण्याची परवानगी मिळावी असा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने मी पाठविला आहे. त्या मुलीने घरी विचारून पूर्ण नाव, गाव आणि बापाचे नाव एका कागदावर लिहून माझ्याजवळ दिले आहे. तो कागद मी माझ्या हजेरीपटात ठेवला आहे.